गिअरवालीची खिडकी

एक गाडी चालवायला किती माणसं लागतात, सांगा बरं?

एक म्हणाल. सरकारही एकच म्हणतं, लायसन्सवर फोटो एकाचाच असतो. पण हॉस्पिटलांच्या चादरी वाहणारी एक पांढरी गाडी पंचवीसेक वर्षं रोज सकाळी याच रस्त्यांवरून गेली, तुमच्या नाकासमोरून गेली, आणि ती दोन माणसं मिळून चालवत होती. तुम्ही पाहिली नसेल. चादरींच्या गाडीकडे कोण बघतं?

त्यातला नवरा आधी लाँड्रीतच होता, इस्त्रीच्या रोलरवर. एका बाजूनं ओली चादर आत सोडायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येते. रोलरच्या तोंडाशी जाळी हवी. जाळी होती, पण काढून कोपऱ्यात उभी करून ठेवलेली, कारण जाळी लावली की काम हळू होतं आणि मालकाला हळू काम बघवत नसे. एक दिवस चादरीबरोबर हात आत गेला. डावा, मनगटाच्याही वरपर्यंत. मग कामगार गेटवर बसले, घोषणा झाल्या, आणि घाबरलेला मालक जेवढा उदार होतो तेवढा हा उदार झाला. म्हणाला, नोकरी जाणार नाही. याला गाडी येते ना? डिलिव्हरीच्या गाडीवर टाकू.

"गिअर कशानं टाकू, दातानं?" नवऱ्यानं विचारलं.

बायको तिथंच उभी होती, हातात डब्याची पिशवी. ती म्हणाली, "मी टाकते."

सगळे हसले. मालक तेवढा हसला नाही. एका पगारात दोन माणसं मिळतायत, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं होतं. लायसन्सच्या ऑफिसातल्या साहेबानं दोघांना पटांगणात चार फेऱ्या मारायला लावल्या, डोकं खाजवलं आणि 'मदतनिसासह' असा एक शब्द लिहून विषय संपवला. मदतनीस म्हणजे ती. तिचं नाव लिहायची गरज त्याला वाटली नाही.

नवऱ्यानं स्वतःचं नाव दीडहात ठेवलं. आपणच ठेवलं की दुसऱ्याला ठेवण्यात मजा उरत नाही. आणि तिला सगळे गिअरवाली म्हणू लागले.

सुरुवातीला तो आकडे सांगायचा. "एक. आता दोन. अगं दोन म्हटलं, चार नाही." मागं गाठोडी हिंदकळायची, गाडी उड्या मारायची, सिग्नलला शेजारच्या गाड्यांतली माणसं माना वळवून बघायची. मग हळूहळू आकडे बंद झाले. त्याचा पाय क्लचवर जायचा, तो तिला दिसायचा, आणि तिचा उजवा हात दांडा ओढायचा. पाय वर, हात मोकळा. इतकं बेमालूम की मागं बसलेल्या माणसाला कळू नये की गाडीत दोन जीव एक काम करतायत. घरात भांडण झालं की दोघांचं बोलणं बंद असायचं, पण गाडी अडली नाही. त्या दिवशी तिसरा गिअर जरा ठोकून पडायचा, एवढंच.

"राग गिअरवर काढू नकोस."

"मग कुणावर काढू?"

की पुढचा गिअरही ठोकून.

धाकट्या बहिणीनं तिला एकदा विचारलं, "ताई, तुझी बाई मजा आहे. दिवसभर फिरायचं. काय काय बघतेस गं?"

"ह्यांचा पाय," गिअरवाली म्हणाली.

बहिणीची हसून मुरकुंडी वळली. गिअरवालीनं ते गमतीत म्हटलं नव्हतं. दीडहाताच्या डाव्या पायाची नखं कधी वाढली, चपलेचा पट्टा कधी सुटायला आला, टाचेला भेग कधी पडली, ते तिला त्याच्याआधी कळायचं. नदीवर नवा पूल झाला. रोज चार वेळा त्या पुलावरून जाणं-येणं. तो पूल कसा दिसतो हे तिनं पाहिलं ते एका कॅलेंडरच्या चित्रात. खिडकी होती हो तिच्या बाजूला, चांगली मोठी, काच खालीवर होणारी. पण खिडकीतून बघायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की पाय दिसत नाही.

पुढं तिला एक घरगाडी हवीशी झाली, म्हणजे चाकांवरचं घर; ती तिच्या डोक्यात शिरली कुठून, ते सांगायला हवं. एकदा एका हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी मळक्या चादरींची गाठोडी खाली यायची वाट बघत दोघं थांबले होते. शेजारी एक मोठी गाडी येऊन उभी राहिली. खिडक्यांना पडदे, आत पलंग, भांडी घासायची मोरीसुद्धा. लोक तिला कॅम्पर म्हणतात. गाडीचा मालक हवा भरायचं दुकान विचारायला उतरला. पुढच्या सीटवर त्याची बायको बसली होती, पाय समोर वर टाकलेले, संत्रं सोलत. एक फोड तोंडात टाकायची, बाहेर बघायचं. परत एक फोड. गाडी सुरू झाली, वळली, निघून गेली, तरी त्या बाईनं हात उचलून कशालाही लावला नाही.

"नवरा गिअर कसा टाकतो गं तिचा?" गिअरवालीनं विचारलं, म्हणजे स्वतःलाच.

"ऑटोमॅटिक आहे ती," दीडहात म्हणाला. "तिला गिअर टाकावाच लागत नाही. गाडी आपलीआपण बदलते."

गाडी गेली त्या वळणाकडे तिनं पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे बायको नुसती बसते?"

"नुसती बसते."

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. गाठोडी आत ओढता ओढता तो म्हणाला, "काम सुटलं ना, की तसलीच गाडी घेऊ. ऑटोमॅटिक. मला एका हातानं चालवता येईल, स्टीअरिंगवर एक लट्टूसारखी मूठ बसवली की झालं. तू खिडकीत बस. काही करायचं नाही. हात मांडीवर."

नवरे असं बरंच काही बोलतात. पण हे तिनं धरून ठेवलं. माणसाला काय हवं असतं, त्याचा भरवसा नाही. कुणाला बंगला हवा असतो, कुणाला पोरगा परदेशात हवा असतो. हिला हात मांडीवर ठेवून चालत्या गाडीच्या खिडकीत बसायचं होतं. झाडं मागं पळताना बघायची होती. ह्यापलीकडे तिनं त्याच्याकडे काही मागितल्याचं कुणी ऐकलं नाही, आणि हेही तिनं मागितलं नव्हतं, त्यानंच दिलं होतं.

काम सुटलं तेव्हा लाँड्रीत समारंभ झाला. मालकाच्या मुलानं दीडहाताला मनगटी घड्याळ दिलं. समोरच्याला मनगटं किती आहेत हे आधी बघावं, एवढंही त्याला सुचलं नाही. उजव्या हातावर बांधायचं तर बांधायला डावा लागतो. शेवटी तिनंच पुढं होऊन पट्टा लावून दिला. टाळ्या पडल्या. 'इतकी वर्षं एकही अपघात न करणारे आपले ड्रायव्हर', असं भाषणात आलं. आणि शेवटी, सहकुटुंब उपस्थित राहिल्याबद्दल आभार. सहकुटुंब. जणू ती समारंभाचा चहा प्यायलाच आली होती.

हात गेल्याबद्दल कोर्टात घातलेली रोलरची केसही तोवर निकाली लागली होती. भरपाई उशिरा आली, पण आली, आणि दोघं गाडी बघायला निघाले.

शोरूममधला माणूस बरा होता, तसं म्हणायला हवं. चष्मा कपाळावर चढवलेला, घाई नाही, उगाच गोड नाही. त्यानं नीट समजावलं. "काका, ऑटोमॅटिकमध्ये दोन प्रकार बघा. एक स्वस्तातला. त्यात आत गिअर आणि क्लच आपले नेहमीचेच असतात, फक्त ते दाबायला आणि बदलायला मशीन बसवलेलं असतं. दुसरा तेलाच्या दाबावर चालणारा. त्यात क्लचची भानगडच नाही. महाग आहे, डिझेल जरा जास्त पितो, लांब चढावर तापतो म्हणून वेगळी थंड करायची सोय लागते. पण जड गाडीला तो चांगला. तुमचा पलंग, पाण्याची टाकी, शेगडी, सगळं धरलं की वजन काही कमी नाही."

"स्वस्तातला दाखवा आधी," दीडहात म्हणाला.

मूठ बसवलेलीच एक गाडी त्यांच्याकडे होती. दीडहात बसला, शोरूमवाला मागं बसला, आणि गिअरवाली खिडकीत. हात मांडीवर. तिनं चक्क नवी साडी नेसली होती.

गाडी निघाली. तिनं बाहेर बघायचं ठरवलं होतं. मान वळवलीही. एक फुलांचं दुकान गेलं, एक लाल दार गेलं. तेवढ्यात उड्डाणपुलाचा चढ आला. इंजिनाचा आवाज चढू लागला, अजून चढला, आणि गाडीतलं ते मशीन गिअर बदलू की नको अशा विचारात पडलं. स्वस्तातल्याची ती खोडच असते. गिअरवालीच्या कानात तो आवाज शिरला आणि पुढचं तिला कळलंच नाही. उजवा हात मांडीवरून उठला, दांड्यावर गेला आणि त्यानं दांडा ओढला.

गिअर सुटला. इंजिन किंचाळलं, गाडी थबकली आणि मागं सरकू लागली. मागं दुधाचा टँकर. दीडहातानं ब्रेकवर उभं राहून गाडी धरली.

"काकू, हात काढा, हात," शोरूमवाला पांढरा पडला होता. "तो त्याचा तो बदलतो."

"मग इतका वेळ कुणाची वाट बघत होता?" ती म्हणाली.

दीडहात हसला. त्याला हसू आवरेना. "जाऊ द्या हो," तो मागं न बघता म्हणाला, "तुमच्या मशीनपेक्षा जुनं मशीन आहे ते."

मग तेलावरची गाडी. हिच्यात आवाज तसा चढतच नव्हता, कधी बदललं ते कळत नव्हतं. गिअरवाली दोन्ही हात मांड्यांखाली घालून, त्यांच्यावर बसली. हात धरून ठेवता आले, डोळे कसे धरणार? ते परत परत खाली जात होते. दीडहाताचा डावा पाय नुसता पडून होता, कामावरून काढलेल्या माणसासारखा. अंगठा मधूनच हलत होता. सबंध फेरीत ती त्या अंगठ्याकडेच बघत राहिली. म्हणून डाव्या बाजूला ठेवलेला रस्त्याच्या कामाचा प्लास्टिकचा शंकू तिला दिसला नाही.

दीडहातालाही दिसला नाही. गाडीखाली येऊन तो चेपला.

"तो तिथं नव्हता," दीडहात म्हणाला.

"होता, काका," शोरूमवाला हळूच म्हणाला. "तिथं ओळीनं सात-आठ आहेत."

घरी आल्यावर कुणी विषय काढला नाही. पण लेक औषधांच्या दुकानात काम करते, तिची नजर चौकस. बापाच्या डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्याला सापडत नाही, हे तिनं दोनदा पाहिलं आणि त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, त्यांनी गोल गोल बोलणं केलं नाही. म्हणाल्या, कडेचं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. जे उरलंय ते थेंबांनी टिकवू. तुम्ही नळीतून बघितल्यासारखं बघताय. गाडी चालवायची नाही. आजपासून.

"अजून एकही अपघात नाही माझ्या नावावर," दीडहात म्हणाला.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

दोन-तीन दिवस तो खोलीत बसून राहिला. जेवायला बोलावलं की यायचा, जेवायचा, जायचा. मग एका दुपारी गिअरवाली भांडी विसळत होती आणि तो बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होता. "हो, तेच. नको. नाही, नवीन अडचण काही नाही, विचार बदलला."

ती ओल्या हातानं बाहेर आली. "कुणाचा विचार बदलला?"

त्यानं फोन छातीशी धरला. "अगं, चालवणार कोण?"

"मी."

"तुला गाडी येत नाही."

"अर्धी येते."

"गिअर येतो तुला. गाडी नाही."

"तेच म्हणतेय. अर्धं शिकलेलंच आहे. उरलेलं अर्धं शिकायचं." फोन तिनं काढून घेतला आणि शोरूमवाल्याला म्हणाली, "थांबा हो जरा. पण आता ऑटोमॅटिक नको. हाताच्या गिअरची दाखवा."

हे तिचं गणित कुणालाही पटण्यासारखंच होतं. लेकीला पटलं, जावयाला पटलं. पंचवीस वर्षं गिअर टाकलेली बाई, तिला ऑटोमॅटिक कशाला? ऑटोमॅटिक हवं होतं ते तिनं नुसतं बसावं म्हणून. आता ती बसणार नाहीच. तिनं ती खिडकी मनातून काढून टाकली, निदान तसं दाखवलं. निघायचं तर खरं. न निघण्यापेक्षा चालवत निघालेलं बरं.

ड्रायव्हिंग स्कूल एका बाईंचं होतं. आवाज खणखणीत, केस बारीक कापलेले, आणि जगातल्या सगळ्या शिकाऊ लोकांनी आपल्याला छळायचं ठरवलंय असा चेहरा. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच. गिअरवाली आयुष्यात पहिल्यांदा स्टीअरिंगमागं बसली.

"गिअर माहितीय ना, काकू?"

"ते तेवढं नका शिकवू."

आणि पहिल्याच गिअरला दात करकरले. कानठळ्या बसतील असे.

कसे नाही करकरणार? ज्या हाताला गिअर येत होता तो उजवा, तो आता स्टीअरिंगवर. दांडा डाव्या हाताला, आणि डाव्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते निभलं असतं, हात शिकतो. खरी गोची निराळीच होती. तिचा हात पाय दिसायची वाट बघत होता. तिनं स्वतः क्लच दाबला तरी हात हलेना, कारण तो पाय त्याच्या ओळखीचा नव्हता. तिच्या हाताला तिचाच पाय ओळखू येत नव्हता. मग चार दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं, की ही काकू मधूनच छान गिअर टाकते. लोण्यात सुरी जावी तसा. का? तर बाई वैतागून आपला क्लच स्वतः दाबतात, तेव्हा. गिअरवाली कडेनं त्यांच्या पायाकडे बघत असायची.

"काकू, ही गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"दोघी," ती म्हणाली. तिला त्यात काही चूक वाटली नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा दीडहात ताडकन उठून बसला. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. "अगं, मग सोपं आहे. तू स्टीअरिंग धर, पाय तुझे. मी तुझ्या जागी बसतो. माझा उजवा हात धडधाकट आहे आणि दांडा त्याच हाताशी येतो. गिअर टाकायला डोळे कशाला लागतात? कान लागतात. तू माझे टाकलेस, मी तुझे टाकतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. खिडकीपेक्षाही हे जास्त होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना तयार करायला लेकीला पदर पसरावा लागला. शेवटी जुन्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत, बाई मागं बसल्या, दीडहात शिकवणाऱ्याच्या जागेवर पाय आखडून बसला, आणि तिनं गाडी सुरू केली.

"दाब क्लच."

"दाबते."

"दाबलास?" विचारेपर्यंत त्यानं दांडा ढकललाही. दात करकरले.

"अहो, थांबा की. मी दाबतेय."

"दाबायला एवढा वेळ? दुसरा. दुसरा घेतो हं."

"नका घेऊ. अजून नका घेऊ." करकर.

"आवाज ऐक की गाडीचा. दुसरा मागतेय ती."

"ती मागू दे. मी कुठं तयार आहे?"

सहा-सात फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी तो एक श्वास आधी. कधी दोन. त्यानं मनापासून प्रयत्न केला, दात आवळून केला, कपाळावर घाम आला. पण तो जन्माचा ड्रायव्हर. गाडी त्याच्या मर्जीनं चालली होती, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. दुसऱ्याच्या पायासाठी हात हवेत धरून ठेवायचा, हे त्याला कधी करावंच लागलं नव्हतं. ती पंचवीस वर्षं दांडा ओढत होती असं सगळे समजत होते, तो स्वतःसुद्धा. खरं तर ती वाट बघत होती. तेच मोठं काम होतं, आणि ते त्याला येत नव्हतं.

गाडी गचका खाऊन बंद पडली. दीडहातानं दांड्यावरचा हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"तुला कंटाळा नाही आला कधी?" त्यानं विचारलं.

"कशाचा?"

त्यानं नुसतं तिच्या क्लचवरच्या पायाकडे बोट केलं. मागं बसलेल्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या, आणि त्या बाई अशा बघणाऱ्यांतल्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी गिअरवाली एकटी शोरूममध्ये गेली. शोरूमवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. "बोला काकू. हाताचा की ऑटोमॅटिक?"

"ऑटोमॅटिक."

"कुठला? तो पहिला, की..."

"जो वाट बघायला लावत नाही तो," ती म्हणाली.

साठी ओलांडल्यावर तिनं लायसन्स काढलं. पटांगणात फेऱ्या मारल्या, साहेब वेगळा होता, त्यानं तिचं नाव लिहिलं. दोन पेडल, एक स्टीअरिंग, डावा पाय मोकळा. महिन्याभरात ती अशी चालवू लागली की ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी चहा पाजला. तेलावरचा गिअर, गर्दीत मुंगीच्या पावलानं सरकतो, चढावर मागं येत नाही, पलंगाच्या आणि टाकीच्या वजनाखाली कुरकुरत नाही. निवड चुकली नाही, हे कुणीही सांगेल. ती स्वतःही सांगते, विचारलं तर.

आता दोघं फिरतात. महिना महिना घरी नसतात. खिडकीत दीडहात बसतो, मांडीवर एक हात. त्याला बाहेरचं दिसतं ते नळीतून. मान हळूहळू फिरवत तो एकेक तुकडा गोळा करतो आणि तिला सांगतो, कारण तिनं रस्त्यावरून नजर काढायची नाही.

"काय आहे हो तिकडे?"

"पाणी आहे. मोठं आहे. नाव आहे एक. नाही, खडक... गेला."

"रंग कसला?"

"कुणाचा, खडकाचा?"

"पाण्याचा हो."

"आता मागं राहिलं ते. थांबवतेस का?"

कधी कधी ती थांबवते. उतरून बघते. चांगलं असतं, पाणी असतं, खडक असतो. पण ते जागच्या जागी उभं असतं. तिला पळणारं बघायचं होतं. एक गोष्ट नीट बघून व्हायच्या आत दुसरी यावी, आणि त्यात आपला काही हात नसावा.

लेकीला गाडी येत नाही. जावयाला येते, पण त्याला सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली की तो झोपतो. मग संध्याकाळी गाडी कुठंतरी लावून, शेगडीवर भात ठेवून, गिअरवाली पुढं जाऊन खिडकीच्या जागेवर बसते. दीडहात चाचपडत येऊन स्टीअरिंगमागं बसतो. इंजिन बंद. त्याचा उजवा हात तिनं मुद्दाम बसवून घेतलेल्या मुठीवर. तिचे हात मांडीवर. ती बाहेर बघते. एक झाड असतं, ते आपल्या जागी उभं असतं.

"चला," ती म्हणते.

"कुठवर?"

"जाल तिथवर."

तो मूठ थोडी फिरवतो. भात शिजेपर्यंत दोघं तसे बसतात.

आता तुमच्याकडे वळू. कष्टकऱ्यांच्या गोष्टी वाचून तुमचे डोळे भरून येतात, हे माहीत आहे. त्याचा कुणाला उपयोग नाही. तुम्हाला गाडी येते, लायसन्स आहे, आणि त्यांची गाडी अशी आहे की ती कुणालाही चालवता येते, त्यासाठी अमक्याच नवऱ्याचा पाय आणि तमक्याच बायकोचा हात लागत नाही. तेवढं एक त्या गिअरमुळे झालंय. तेव्हा रस्त्याच्या कडेला पडदे लावलेली गाडी उभी दिसली, पुढं एक दीड हातांचा म्हातारा बंद गाडीचं स्टीअरिंग धरून बसलेला दिसला, तर बघून पुढं जाऊ नका. काचेवर टकटक करा. म्हणा, काकू, तासभर मी चालवतो. म्हातारा कुरकुर करेल, त्याला मागच्या पलंगावर बसवा. तिला खिडकीतच राहू द्या. कुठं जायचं ते विचारू नका, दिसतंय का म्हणून विचारू नका, मध्ये कुठं थांबू नका. हळू चालवा आणि तिला बघू द्या.